धुक्यांतला डाव

जाणता खेळाडू जितका दुर्मिळ, तितकाच जाणता प्रेक्षकही दुर्मिळ असतो. कुस्तीच्या हौद्याभोंवतीं हजारों माणसें जमतात. पण पट काढण्यापूर्वीं पहिलवानानें पायाची जागा कां बदलली, हें त्यांपैकीं फार थोड्यांच्या लक्षांत येतें. बुद्धिबळाच्या पटाशेजारीं उभा राहून 'उंट मारा, उंट मारा' असें सुचविणारा गृहस्थ प्रत्येक गांवांत असतो, आणि खेळणाऱ्याचें डोकें उठविण्यापलीकडे त्याच्या हातून सहसा कांहीं घडत नाहीं. तथापि ज्या खेळाला समजदार प्रेक्षक लाभत नाहींत, त्या खेळाची वाढ खुंटते. गाण्याला जसा श्रोता, तसा डावपेंचांच्या खेळाला प्रेक्षक. तो कसा घडतो आणि त्यानें कसें पाहावें, हा विचार आज एका अगदीं नव्या खेळाच्या निमित्तानें करण्याजोगा झाला आहे.

हा नवा खेळ म्हणजे संगणकाच्या पडद्यावर खेळले जाणारे रणनीतीचे सामने. गेल्या पंचवीस वर्षांत चीन, कोरिया इत्यादि देशांत केवळ या खेळावर उपजीविका करणारा एक वर्ग तयार झाला. त्यांचे सामने दाखविणारे कार्यक्रम निघाले. आणि ते कार्यक्रम पाहून त्यांवर तासन् तास वाद घालणारे रसिकही निर्माण झाले. चिनी भाषेंतील असा कार्यक्रम पाहण्यासाठीं आतां चीनला जावें लागत नाहीं. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील धाडसारख्या गांवींही तो हातांतल्या मोबाईलवर उतरतो. अशा गांवीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर दोघे भाऊ हा कार्यक्रम पाहत बसले आणि आजोबांनीं त्यांना हटकलें, तर संवाद साधारण असा व्हावयाचा:

'काय रे, हे लोक काय बोलतात तें तुम्हांला कळतें तरी का?'

'बोलणें नाहीं कळत, आबा, डाव कळतो.'

'पण दुसऱ्यानें खेळायचें आणि तुम्हीं नुसतें बघायचें, यांत तुमच्या पदरांत काय पडतें?'

या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर नातवांना चटकन् देतां येणार नाहीं. प्रश्न मात्र टाकाऊ नाहीं. घराघरांतून तो आज विचारला जात आहे, आणि त्याचें उत्तर द्यावयाचें तर आधीं हा खेळ म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे.

या जातीच्या खेळांत १९९८ सालीं निघालेला 'स्टारक्राफ्ट' आणि २००२ सालीं आलेला 'वॉरक्राफ्ट'चा तिसरा भाग हे दोन विशेष गाजले. बुद्धिबळांत एकाची चाल झाली म्हणजे दुसऱ्याची पाळी येते. येथें पाळी नाहीं. दोघेही एकाच वेळीं, क्षणाची उसंत न घेतां खेळतात. आरंभीं प्रत्येकाच्या वांट्यास एक लहानसें ठाणें आणि मूठभर मजूर येतात. मजुरांनीं खाणींतून द्रव्य आणावयाचें, द्रव्यांतून इमारती उभारावयाच्या आणि इमारतींतून सैन्य काढावयाचें. द्रव्य मजूर वाढविण्यांत घातलें तर उद्यांची मिळकत वाढते, पण आजचें ठाणें उघडें पडतें. सैन्यांत घातलें तर आजचें रक्षण होतें, पण उद्यां भांडवल तोकडें पडतें. पोत्यांतलें धान्य बियाण्याला किती ठेवावें आणि खाण्याला किती काढावें, ही जी वांटणी शेतकऱ्याला करावी लागते, तिचेंच हें एक रूप आहे. फरक इतकाच कीं येथें निर्णयाला वर्ष मिळत नाहीं, दोन-चार पळें मिळतात.

दुसरा विशेष याहून महत्त्वाचा आहे. पटाच्या ज्या भागावर आपल्या माणसांची नजर पोंचत नाहीं, तो भाग धुक्यानें झांकलेला असतो. शत्रूनें कोणत्या इमारती बांधल्या, सैन्य किती जमविलें, तें कोणत्या वाटेनें निघालें, यांपैकीं कांहीं दिसत नाहीं. मग एखादा मजूर हेर म्हणून पाठवावयाचा. त्याच्या डोळ्यांनीं जेवढें दिसेल तेवढें टिपावयाचें. आणि तो मारला गेला कीं पुनः धुकें. उरलेलें सारें अनुमानानें. शत्रूच्या ठाण्यांत जी इमारत असावयास हवी होती ती दिसली नाहीं, तर तिचें द्रव्य दुसरीकडे कोठें तरी गुंतलें असलें पाहिजे, एवढ्या एका तर्कावर सबंध डाव फिरूं शकतो. ज्याला न दिसणाऱ्या गोष्टींचा अधिक अचूक अंदाज करतां येतो, तो जिंकतो.

प्रेक्षकाच्या पडद्यावर मात्र हें धुकें बहुधा नसतें. समालोचक दोन्ही बाजू एकदम दाखवितो. डाव्या कोपऱ्यांत कोणी लपून बसलें आहे, हें पाहणाऱ्याला दिसत असतें. ज्याच्यावर घाला पडावयाचा त्याला दिसत नसतें. प्रेक्षकाचा सर्व आनंद या भेदांत आहे आणि त्याचा मोठ्यांत मोठा दोषही येथूनच उपजतो. 'अरे, एवढें साधें त्याला कळूं नये!' हा उद्गार तोंडून निघतो तो या भेदाचें विस्मरण झाल्यामुळेंच.

चीनमध्यें हे सामने घरोघर पोंचविण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांचा इतिहास मनोरंजक आहे. एप्रिल २००३ मध्यें तेथील मध्यवर्ती सरकारी टेलिव्हिजनच्या क्रीडावाहिनीनें 'इलेक्ट्रॉनिक क्रीडाजगत्' या अर्थाच्या नांवाचा एक कार्यक्रम सुरू केला. फुटबॉलचे समालोचक म्हणून परिचित असलेले दुआन श्वान हे त्याचे सूत्रधार होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत चीनच्या क्रीडा-प्रशासनानें या खेळाला देशाचा नव्याण्णवावा अधिकृत क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. मान्यतेला सहा महिने होतात न होतात तोंच, एप्रिल २००४ मध्यें, त्याच सरकारच्या प्रसारण-खात्यानें मुलांवर अनिष्ट परिणाम होतो या कारणानें संगणकीय खेळांचे कार्यक्रम टेलिव्हिजनवर दाखविण्यास मनाई केली. एका खात्यानें ज्याला क्रीडा म्हटलें, त्यालाच दुसऱ्यानें दुर्व्यसन ठरविलें. आणि कार्यक्रम बंद पडला.

कार्यक्रम बंद पडला तरी प्रेक्षक नाहींसा झाला नाहीं. इंटरनेटच्या दुकानांतून मुलें एका खुर्चीमागें चौघे-पांच जण उभीं राहून सामने पाहत. झालेल्या डावांच्या नोंदी एकमेकांकडे जात. त्या पुनः पुनः चालवून कोणत्या क्षणीं कोण चुकला याचा खल होई. हेनान प्रांतांतील रूझौ येथील ली शियाओफेंग हा तरुण याच वातावरणांत वाढला. घरच्या विरोधाला तोंड देत त्यानें हा खेळ चालविला, 'स्काय' या नांवानें तो खेळत असे, आणि २००५ सालीं सिंगापूर येथें व २००६ सालीं इटलींतील मोंझा येथें 'वॉरक्राफ्ट'चें जागतिक अजिंक्यपद त्यानें लागोपाठ दोनदां मिळविलें. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकची ज्योत वाहून नेणाऱ्यांत त्याची निवड झाली. पुढें २०२३ सालीं हांगझौ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळांना प्रथमच पदकांचा मान मिळाला. भारतापुरतें पाहिलें तर २०१८ सालीं जाकार्ता येथें, जेव्हां हे खेळ केवळ प्रदर्शनापुरते होते, तेव्हां भूजच्या तीर्थ मेहता यानें 'हर्थस्टोन' या पत्त्यांसारख्या डावपेंचांच्या खेळांत कांस्यपदक मिळविलें होतें.

यथावकाश चिनी रसिकांच्या चर्चेला एक नवेंच रूप आलें. २००९ सालीं सुरू झालेल्या 'बिलिबिली' या चित्रप्रसारण करणाऱ्या संस्थेच्या पडद्यावर प्रेक्षकाचे उद्गार सामना चालू असतांनाच उजवीकडून डावीकडे सरकत जातात. या पद्धतीला चिनी भाषेंत 'दान्मू' म्हणजे गोळ्यांचा पडदा म्हणतात. मोठ्या सामन्याच्या ऐन क्षणीं उद्गारांची अशी दाटी होते कीं मूळ चित्र झांकून जातें. त्यांत स्तुति असते, टवाळी असते आणि क्वचित् एखादा मार्मिक प्रश्नही असतो. ज्याला शिकावयाचें आहे त्यानें तो प्रश्न तेवढा वेंचून घ्यावा.

कारण प्रेक्षकांची चर्चा तीन प्रकारची असते. पहिलींत केवळ पक्ष घेतला जातो: आपला गडी थोर, दुसरा कुचकामी. दुसरींत केवळ निकाल सांगितला जातो: हरला म्हणून चुकला, जिंकला म्हणून बरोबर. तिसरी चर्चा विचारते: त्या क्षणीं त्याला काय ठाऊक होतें? जेवढें ठाऊक होतें तेवढ्यावरून त्यानें केलेली निवड योग्य होती का? हा प्रश्न विचारतांना प्रेक्षकाला आपल्या डोळ्यांपुढचें सारें चित्र क्षणभर बाजूला सारून खेळणाऱ्याचें धुकें स्वतः पांघरावें लागतें. त्या धुक्यांत शिरल्यावर ध्यानांत येतें कीं कांहीं पराभव उत्तम निर्णयांतून आले आणि कांहीं विजय केवळ दैवानें पदरांत पडले. एवढी विवेकबुद्धि ज्या पाहण्यानें येते, तें पाहणें वायां गेलें असें म्हणवत नाहीं.

हा विवेक बुद्धिबळासही तंतोतंत लागू पडतो. बुद्धिबळाच्या पटावर धुकें नाहीं, सर्व मोहरीं उघडीं असतात, हें खरें. परंतु तेथें प्रेक्षकाला आतां दुसरेंच एक बळ मिळालें आहे. थेट प्रसारणांत पटाच्या कडेला एक पट्टी असते आणि कोणाची बाजू किती वरचढ आहे हें संगणक तिच्यावर क्षणोक्षणीं दाखवितो. खेळाडूला ती पट्टी दिसत नाहीं. जुलै २०२५ मध्यें जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें चीनच्या तान झोंगयी या माजी जगज्जेतीला जो डाव हरविला, तो १०१ चालींपर्यंत लांबला होता. पुढें २८ जुलै रोजीं कोनेरू हंपी हिला हरवून एकोणीस वर्षांच्या दिव्यानें विश्वचषक आणि त्याबरोबरच ग्रँडमास्टर हा किताबही मिळविला. असा प्रदीर्घ डाव घरीं बसून पाहणाऱ्याला पट्टी थोडी हलतांच 'चूक, चूक' म्हणतां येतें. त्याच्यामागें यंत्र उभें असतें. पटाशीं बसलेल्या दोघींमागें थकवा, घड्याळ आणि स्वतःची बुद्धि यांवांचून कांहीं नसतें. पट्टी झांकून पाहणाऱ्यालाच त्या शंभर चालींची खरी किंमत कळते.

जाणत्यांनींही नम्र राहावें, याचा एक दाखला चीनमध्येंच जन्मलेल्या 'वेइ-ची' या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या प्राचीन खेळांत सांपडतो. मार्च २०१६ मध्यें सेऊल येथें ली सेडोल या कोरियन पट्टीच्या खेळाडूचा 'अल्फागो' या संगणकाशीं सामना झाला. दुसऱ्या डावांत संगणकानें केलेली सदतिसावी चाल पाहून मुरलेले समालोचकही बुचकळ्यांत पडले. हात चुकून भलतीकडे गेला असावा, असा संशय येण्याइतकी ती विचित्र होती. पुढें तीच चाल त्या डावाचा कणा ठरली. ली सेडोल तो सामना चार विरुद्ध एक असा हरला. जेथें तज्ज्ञांनाही निर्णय देण्यापूर्वीं थांबावें लागतें, तेथें हौशी प्रेक्षकानें 'कां' विचारण्याआधीं 'चूक' म्हणूं नये, हें ओघानेंच येतें.

आतां घरांतील वडीलधाऱ्यांच्या काळजीकडे वळावयास हवें. कारण ती काळजी खोटी नाहीं. रात्रीची झोंप जाते, डोळे बिघडतात, अभ्यास मागें पडतो. चीननेंही ऑगस्ट २०२१ मध्यें अठरा वर्षांखालील मुलांस इंटरनेटवरील खेळ खेळण्यास शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीचे दिवस एवढींच मोकळीक ठेवली, आणि तीही रात्रीं आठ ते नऊ एवढ्यापुरती. भारतांत २०२२ च्या डिसेंबरांत या खेळांस क्रीडामंत्रालयाच्या कक्षेंत स्थान मिळालें, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें केलेल्या कायद्यानें पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांना मनाई करून कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांस मात्र वेगळें काढलें. हा भेद मोलाचा आहे. ज्या पडद्यावर मुलगा डावपेंचांचा सामना पाहतो, त्याच पडद्यावर दुसऱ्या घरचा मुलगा पैसे लावून संसाराची राखरांगोळी करूं शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांच्याही माना सारख्याच खालीं वांकलेल्या दिसतात.

म्हणून मान किती वेळ खालीं आहे एवढेंच मोजून भागत नाहीं. वेळेची मर्यादा हवी, आणि ती पाळली गेली पाहिजे. पण मर्यादा घालणें आणि पारख करणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुलाला आपण पाहिलेला डाव शब्दांत सांगतां येतो का? हरलेल्याचा पक्षही तो न्यायानें मांडतो का? खाणीवर खर्च कां केला, हेर कां पाठविला, याचीं कारणें तो देऊं शकतो का? या प्रश्नांचीं उत्तरें येत असतील तर ते तास सर्वस्वीं फुकट गेले नाहींत. येत नसतील, आणि दिव्यांच्या लखलखाटापलीकडे त्याला कांहीं आठवत नसेल, तर तो केवळ पडद्याकडे पाहत होता, खेळाकडे नव्हे.

चिनी सरकारच्या दोन खात्यांनीं सहा महिन्यांच्या आंत एकाच खेळावर दोन उलट निवाडे दिले, तशी घाई घरानें करण्याचें कारण नाहीं. मुलाच्या मनांत काय चाललें आहे तो पट वडिलांपुढें धुक्यांतच असतो. खेळाडू अशा वेळीं हेर पाठवितो. घरांत तें काम एका साध्या प्रश्नानें होतें, मात्र तो उत्तर ऐकून घेण्याच्या तयारीनें विचारलेला असावा. त्या उत्तरावरून कोठें आवरावें आणि कोठें प्रोत्साहन द्यावें, हें ठरवितां येईल. आणि मुलालाही आपण जें पाहिलें तें स्वतःशीं नीट मांडण्याची संवय लागेल.