सूर्य क्षितिजाला टेकवताना

14 जून 1968 रोजी इंग्लंडमधल्या फालमथ बंदरातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा तरुण अधिकारी एकटाच जगप्रदक्षिणेला निघाला आणि 312 दिवसांनी, वाटेत कुठेही न थांबता, तिथेच परतला. एकट्याने हे करणारा तो पहिला. त्याची नौका 'सुहेली' मात्र आपल्या मुंबईची. कुलाब्यात बांधलेली, सागवानी, जेमतेम 32 फुटांची. जीपीएस तेव्हा नव्हतंच. भर समुद्रात आपण कुठे आहोत हे त्याला सेक्स्टंट, घड्याळ आणि नाविक पंचांग यांवरूनच काढावं लागे.

सेक्स्टंट म्हणजे दोन आरसे, एक लहान दुर्बीण आणि अंशांच्या खुणा असलेली कमान. दुर्बिणीतून क्षितिज पाहायचं, काळ्या काचा आड घ्यायच्या आणि दांडा सरकवत सूर्याचं प्रतिबिंब खाली उतरवायचं. त्याची खालची कड क्षितिजाला नुसती टेकली पाहिजे, बुडता कामा नये. मग मनगटाने यंत्र हलकेच डावी-उजवीकडे कलवायचं. सूर्य लंबकासारखा झुलतो, आणि झोक्याच्या तळाशी जिथे टेकतो तो खरा कोन. किनाऱ्यावर हे चटकन जमतं. छोट्या नौकेत मात्र समोरची लाटच क्षितिज म्हणून फसवते, म्हणून आपली नौका लाटेच्या माथ्यावर येईपर्यंत थांबायचं. कोनात एका कलेची चूक झाली, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, तर जागा एक सागरी मैल चुकते, 1852 मीटर.

आता गणित. 21 मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी मुंबईत, आपल्या घड्याळात पाऊण वाजायच्या सुमारास तो सर्वांत उंच येतो, साधारण 71 अंशांवर. नव्वदातून 71 वजा केले की 19. हा मुंबईचा अक्षांश! इतर दिवशी सूर्य उत्तरेला किंवा दक्षिणेला किती सरकला आहे ते पंचांग सांगतं, तेवढी बेरीज-वजाबाकी करायची.

खरी गोम रेखांशाची. तिथे एकटा सेक्स्टंट पुरत नाही. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणून ग्रीनिचची, म्हणजे शून्य रेखांशावरची, वेळ अचूक ठाऊक हवी. पूर्वी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे. त्याला 15 ने गुणा, पाऊणशेला सव्वादोन कमी येतात. हाच मुंबईचा रेखांश. घड्याळ चार सेकंद चुकलं तर विषुववृत्तावर एका सागरी मैलाचा फरक पडतो. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली कुलाब्याला वेधशाळा उभारली, ती ताऱ्यांचे वेध घ्यायला आणि बंदरातल्या जहाजांना नेमकी वेळ द्यायला. आज आपण तिला पावसाच्या आकड्यांपुरतंच ओळखतो. पुढे वेळ सांगण्याचं हे काम रेडिओने उचललं. बातम्यांआधीचे ते टिक-टिक ठोके खलाशांनीही कान देऊन ऐकले आहेत.

मग आज हे कशाला शिकायचं? हौस म्हणून, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. उपग्रहाचे संकेत अडवता येतात, यंत्राची वीज जाते. अमेरिकेच्या नौदल अकादमीने मध्यंतरी बंद केलेलं हे शिक्षण 2015 मध्ये पुन्हा सुरू केलं, ते काही हौसेखातर नव्हे. एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत तर जीपीएसला मनाईच होती. आपले भारतीय खलाशी अभिलाष टॉमी तिच्यात उतरले ते गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'तून. ही नौका 'सुहेली'चीच प्रतिकृती. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली आणि जबर जखमी झालेल्या टॉमींना वाचवावं लागलं. 2022 च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

सेक्स्टंट महाग असतो, आणि काळ्या काचांवाचून सूर्याकडे मुळीच पाहू नका. पण ध्रुवतारा फुकट आहे, आणि क्षितिजापासूनची त्याची उंची म्हणजे साधारण आपला अक्षांशच. उत्तरेचं क्षितिज मोकळं दिसेल अशा जागी हात ताठ समोर धरा. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. मुंबईत ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींवर भरेल, गोव्यात दीड, दिल्लीत जवळजवळ तीन. करून पाहा.