शून्य किलोची पकड

(शेंद्रा येथील सभासद-मेळाव्यातील भाषण)



मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मानेच्या मणक्याला मार लागलेल्यांचे हात तपासणे हे माझे काम. कोणी पाड्यावर झाडावरून पडतो, कोणी शेंद्र्यासारख्या एमआयडीसीत उंचावर काम करताना. मानेतला मज्जारज्जू दुखावला की पायांबरोबर हातांतलेही बळ जाते. घरचे विचारतात, चालेल कधी? पेशंट मात्र म्हणतो, "ताई, आपल्या हातानं जेवता आलं तरी पुरे."

मुठीची ताकद डायनॅमोमीटर किलोत दाखवतो. अशा पेशंटचा काटा पुष्कळदा शून्यावरच राहतो. पण तेवढ्यावरून हात निकामी ठरवू नका.

आता सर्वांनी एक हात पुढे करा. बोटे सैल सोडा. मनगट वर उचला, बोटे आपोआप मिटतात. मनगट खाली सोडा, ती उघडतात. मज्जारज्जूचे काम मानेतील सहाव्या पातळीपर्यंत शाबूत असेल, तर बोटे हलत नसली तरी मनगट उचलता येते. सरावाने पेशंट याच पकडीत चमचा किंवा हलका पेला धरू शकतो.

म्हणून आम्ही किलोंबरोबर कामही मोजतो. 'ग्रास्प' नावाच्या चाचणीत स्नायूंची ताकद, बोटांची संवेदना आणि प्रत्यक्ष पकड असे तिन्ही पाहतात. बाटलीतून पाणी ओतणे, झाकण उघडणे, किल्ली फिरवणे, नाणे फटीत टाकणे अशी साधी कामे त्यात असतात. पाड्यावर यंत्र नसते, पण वही असते. दर महिन्याला तोच पेला, तीच बैठक ठेवून काय जमले ते तारखेसह लिहा. पुढच्या उपचारांना ती नोंद फार उपयोगी पडते.

एक कळकळीची विनंती. घरची माणसे मायेने तेल लावतात आणि मनगट वर धरून बोटे सरळ ताणतात. त्याने बोटे वाकवणाऱ्या कंडरा सैल पडतात आणि ही पकड हातची जाते. बोटे सरळ करताना मनगट खाली झुकलेले असावे. मनगट वर करताना बोटे मिटलेली असावीत. पेशंटच्या घरी हे करून दाखवा.

मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पेशंटला अशा ठिकाणी लवकर पोचवण्यासाठी गाडीभाडे आणि सोबतीला एक माणूस, एवढे तरी आपण देऊ या.