गोळी सोडायची नाही, ऊन टाळायचे
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाच्या बैठकीत रक्ताच्या कॅन्सरच्या गोळीचे काय काम, असे सकाळी दोघातिघांनी विचारले. विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. आपला एक जुना कार्यकर्ता, प्रत्येक मोर्चात पुढे असणारा, गेल्या उन्हाळ्यात दोन महिने गोळी बंद करून बसला होता. पैसे नव्हते म्हणून नव्हे, गोळ्या घरातच होत्या. चेहरा पांढुरका पडला, गाव ‘कोड फुटले’ म्हणू लागले, मुलीच्या सोयरिकीची बोलणी थांबली. म्हणून त्याने पाकीट माळ्यावर टाकले. आम्हाला कळले तोवर रक्तातल्या पांढऱ्या पेशी पुन्हा वाढू लागल्या होत्या.

त्याचा आजार सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. गोळीचे नाव इमॅटिनिब. 2001 साली ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली आणि या आजाराचे चित्रच पालटले. रोज गोळी घेऊन माणसे वर्षानुवर्षे कामधंदा करतात. आपल्याकडे मूळ कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला लाखाच्या वर पडत, देशी कंपन्यांच्या गोळ्या आठ-दहा हजारांत मिळत. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसची पेटंटची मागणी फेटाळली आणि स्वस्त गोळीचा रस्ता मोकळा राहिला. एवढी झुंज देऊन हाती राहिलेली गोळी गावच्या कुजबुजीपायी माळ्यावर जावी, याचा आम्हाला राग येतो.

कातडीचे काय होते ते नीट समजून घ्या. आजार वाढवणाऱ्या प्रथिनाला ही गोळी अडवते. त्याच्याच भावकीतले एक प्रथिन कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशींच्या उपयोगाचे असते. गोळी त्यालाही अडवते. म्हणून सावळ्या माणसाचा रंग उतरतो, कुणाचा सगळीकडे, कुणाचा चट्ट्यांनी. क्वचित उलट, रंग काळवंडतोही. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, अंगावर पुरळ उठते. हे कोड नव्हे, महारोग तर नव्हेच, आणि कुणाला लागत नाही. मात्र एखादा चट्टा बधिर असेल, टोचलेले कळत नसेल, तर त्याची वेगळी तपासणी करून घ्यावी.

आता उन्हाचे. कातडीचा रंग म्हणजे अंगावरची उपजत छत्री. ती विरळ झाली की ज्या उन्हात आपण जन्म काढला तेच ऊन भाजू लागते. आमच्या या कार्यकर्त्याला कुणी बावचीचे तेल दिले, कोडावरचे औषध म्हणून. ते लावून गडी भर दुपारी पऱ्हाट्या उपटायला गेला. संध्याकाळी दोन्ही हातांवर फोड! बावचीचा गुणच असा की ती कातडीला उन्हासाठी हळवी करते. पोटात घेतली तर यकृतालाही इजा होऊ शकते, आणि इमॅटिनिबचा भार यकृतावर असतोच. तेव्हा ही गोळी चालू असताना बावची नको, आणि दुसरे कुठलेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या गोळीनेही ऊन बाधते.

हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल चालू असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. त्यांनीही ऊन टाळायचेच, पण घोट्याजवळ न भरणारी जखम दिसली तर चिखलात अनवाणी उतरू नये, दवाखाना गाठावा.

शेतकऱ्याला ‘उन्हात जाऊ नका’ म्हणणे सोपे आहे. सांगणारा पंख्याखाली बसलेला असतो. आमचे म्हणणे वेगळे आहे: तास बदला. पहाटे उजाडताच शेतात जा, दहाच्या सुमारास झाडाखाली या, चारनंतर पुन्हा उतरा. कापूस वेचताना आपल्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात. तोच शहाणपणा गड्यांनीही उचलावा. दाट विणीचे कापड, रुंद काठाची टोपी, मानेवर उपरणे. घामाने भिजलेल्या पातळ कापडातून ऊन आत शिरते. उन्हाचे मलम परवडत असेल तर चेहरा, कान आणि हातांना लावा, दर दोन तासांनी पुन्हा. आणि घरातली रोजंदारीची माणसे? त्यांचे तास मालकाच्या हातात. आपल्यातल्या मालकांनी अशा मजुराला सकाळ-संध्याकाळचे काम द्यावे आणि रोज कापू नये, असा ठराव आज आम्ही मांडत आहोत.

पुरळासोबत ताप आला, तोंड आले, कातडी सोलू लागली किंवा फोड पसरले, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. एरवीचा त्रास तारखेला सांगा. मात्रा बदलायची, दुसरी गोळी द्यायची की थोडे थांबायचे, हे डॉक्टर रक्त तपासून ठरवतील. सोयरिकीवाल्यांना आम्ही स्वतः भेटलो आणि हेच समजावून सांगितले. बोलणी पुन्हा सुरू आहेत. आपला माणूस आज मागच्या रांगेत बसला आहे, डोक्याला उपरणे गुंडाळून. ज्यांच्या घरी अशी गोळी चालू आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ बसावे. तो बोलायला तयार आहे.