परिचारिका टिकते कशाने?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



चिटणीसबाईंनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, बाई इतकी वर्षे कॅन्सरच्या वॉर्डात वावरली, तेव्हा ती त्या रोगाची लक्षणे, पथ्यपाणी, शुश्रूषा ह्यांवर बोलेल. ते व्याख्यान आपण पुष्कळदा ऐकले आहे. आज मी रोग्याविषयी बोलणार नाही. रोग्याच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या बाईविषयी बोलणार आहे. ती तिथे टिकते कशाने आणि निघून जाते कशाने? तिच्याकडून कागदावर सही घेऊन तिला बांधून ठेवले, तर ती टिकते का?

बांधून ठेवणे म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यात कोणाला शिकवायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याकडची गावेच्या गावे रिकामी होऊन ऊसतोडीला निघतात. मुकादमाने आधीच उचल दिलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत तो कोयता त्या मुकादमाचा. फडावर कितीही हाल झाले, बाई आजारी पडली, तरी टोळी सोडता येत नाही, आणि एक दिवस बसली तर खाडा लागतो. आता हीच गोष्ट पांढऱ्या साडीतल्या, हल्ली पंजाबी ड्रेसातल्या, शिकलेल्या मुलीबाबत होते असे मी म्हटले, तर आपणांस आश्चर्य वाटेल. तिच्या उचलीला बाँड म्हणतात, एवढाच फरक.

मालक जे कागद करून घेतात ते दोन तऱ्हेचे. एक असा की, अमुक वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडली तर अमुक रक्कम भरीन. हा झाला बाँड. दुसरा असा की, नोकरी सोडल्यावरही अमुक काळ, अमुक अंतराच्या आत, दुसऱ्या कोणाकडे हेच काम करणार नाही. ह्याला नॉन-कॉम्पीट म्हणतात. आपण स्पर्धाबंदीचा करार म्हणू.

ह्या दुसऱ्या कागदाची आपल्या देशात किंमत जवळजवळ शून्य आहे, हे फार थोड्या मुलींना ठाऊक असते. 1872 सालच्या भारतीय करार कायद्याचे 27 वे कलम सांगते की, कोणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय वा व्यापार करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल होय. ह्या कलमाची गंमत अशी की, त्याचे मूळ डेव्हिड डडली फील्ड नावाच्या अमेरिकन वकिलाने न्यूयॉर्कसाठी केलेल्या मसुद्यात आहे. न्यूयॉर्कने तो मसुदा घेतला नाही. कॅलिफोर्नियाने घेतला, आणि तोही 1872 सालीच. त्या वेळी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता. आपल्यापर्यंत हा कायदा 1951 साली पोहोचला. आणि हे कलम जुने म्हणून निकामी झालेले नाही. शेजारच्या श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान आपल्या सर्वांना माहीत आहे. त्याच्या जाहिरातींचा कारभार पाहणाऱ्या कंपनीने मुदत संपल्यावरही त्याला कराराने बांधू पाहिले, तेव्हा 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम दाखवून सांगितले की, मुदतीनंतरचे बंधन चालणार नाही.

अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांत असे करार चालतात, आणि ते डॉक्टरांनाही सोडत नाहीत. नोकरी सोडली की कित्येकदा त्यांना गावच सोडावे लागते. मग अर्धे उपचार झालेल्या कॅन्सरच्या रोग्याने आपला डॉक्टर कुठे शोधावा? एप्रिल 2024 मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने हे करार देशभर बंद करण्याचा नियम काढला. ऑगस्टमध्ये टेक्सासच्या एका न्यायालयाने तो अंमलात येण्यापूर्वीच मोडीत काढला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये आयोगाने अपिलाचा नाद सोडला. अशी बंदी आली तर माणसे टिकतील की पळतील, दमणूक कमी होईल की वाढेल, ह्यावर तिकडे मोठा वाद झाला. मला वाटते, त्यांनी थोडे आपल्याकडे पाहावे. आपल्याकडे ही बंदी दीडशे वर्षांची आहे. मग आपल्या परिचारिका टिकतात का? त्यांची दमणूक कमी आहे का?

नाही. एक दोर कायद्याने कापला, तेव्हा मालकांनी दुसरे दोर वळले. नोकरीच्या मुदतीतला बाँड कायद्याला मान्य आहे. एका बँकेच्या प्रकरणात मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्याबद्दल दोन लाख रुपये भरण्याची अट योग्य ठरवली. (आमच्या अंबाजोगाईच्या डॉक्टरांनाही बाँड असतो, असे कोणी म्हणेल. तो सरकारी शिक्षणाच्या बदल्यात सरकारी सेवेचा. त्याचा न्याय वेगळा.) पण परिचारिकेला खरा आवळतो तो बाँडचा कागदही नव्हे. तिची मूळ प्रमाणपत्रे ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद असतात, तो दोर खरा. प्रमाणपत्र ही गहाण ठेवायची वस्तू नव्हे, हे उच्च न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. पण बावीस वर्षांची मुलगी उच्च न्यायालयात जाणार केव्हा? 2011 साली मुंबईच्या एका रुग्णालयातल्या केरळी परिचारिकेने आत्महत्या केली, तेव्हा तिच्या सहकारिणी रस्त्यावर आल्या, आणि त्यांच्या मागण्यांत ही कपाटातली प्रमाणपत्रे होती. त्याच सुमारास केरळातही मोठे संप झाले, तेही ह्याच प्रश्नांवर.

माझीही प्रमाणपत्रे तीन वर्षे अशा एका कपाटात होती. शहर आणि रुग्णालय सांगत नाही. तीस खाटांचा कॅन्सरचा वॉर्ड आणि रात्रपाळीला आम्ही दोघी. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण म्हणाल तर शिकवणीच्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक. कॅन्सरच्या वॉर्डातले काम नुसते गोळ्या वाटण्याचे नसते. काही औषधे इतकी दाहक असतात की, सुई शिरेबाहेर सरकून दोन थेंब मांसात गेले तर कातडी जळून जखम होते. पहिल्या दोन-तीन सलाइनांनंतर रोग्याच्या शिरा लपतात, त्या हाताला लागायला वर्षे जातात. आणि सर्वांत जड काम म्हणजे, महिन्यामागून महिना तोच रोगी येत राहतो. त्याच्या पोरांची नावे आपल्याला पाठ होतात, आणि मग एके दिवशी ती खाट रिकामी असते. तिच्यावर चादर बदलून दुसऱ्याला निजवायचे, ते दहा मिनिटांत.

माझ्या जोडीची मुलगी धारूरकडची होती. हाताने अशी हलकी की, रोगी सुई टोचायला तिलाच मागत. दुसऱ्या वर्षी तिची आई आजारी पडली. रजा मिळेना, आणि सोडून जायचे तर बाँडचे पैसे नव्हते. ती राहिली. वहीत पाहिले तर ती टिकली, एक दिवस गैरहजर नाही. पण मी शेजारी उभी होते, मला दिसत होते. ती रोग्याच्या तोंडाकडे पाहीनाशी झाली. हात बरोबर चालत, बोलणे बंद. कोणी कण्हू लागले की ती औषधाच्या खोलीत जाऊन बाटल्या मोजत बसे. ह्या अवस्थेला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात. आपण मन करपणे म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली हा कामातून उद्भवणारा प्रकार म्हणून आपल्या यादीत नोंदला. तिची तीन वर्षे ज्या दिवशी भरली त्या दिवशी ती गेली, ती दुसऱ्या रुग्णालयात नव्हे. तिने परिचारिकेचे कामच सोडले. आज ती कपडे शिवते. बाँडने तिला तीन वर्षे राखले आणि तीस वर्षांना घालवले, हा हिशेब कोणत्याही मालकाच्या वहीत नसतो.

पुढे मी एका धर्मादाय रुग्णालयात गेले. तिथे बाँड नव्हता आणि पगारही फारसा नव्हता. पण तिथल्या मेट्रन सहा महिन्यांपेक्षा जास्त कोणालाही केमोच्या वॉर्डात ठेवीत नसत. मध्ये दोन-तीन महिने बाह्यरुग्ण विभागात पाठवीत. मृत्यू झाला की त्या पाळीतल्या मुलींना पंधरा मिनिटे चहाला बसवीत, आणि ती पंधरा मिनिटे स्वतः वॉर्ड सांभाळीत. माझ्याबरोबरच्या अकरा जणींपैकी आठ जणी तिथेच निवृत्त झाल्या. त्यांचा कागद कोणीच केला नव्हता.

टिकून राहणाऱ्या बाईची एवढी महती कशाला, असे वाटेल. आपल्याच भागातले उदाहरण देते. केज-आष्टीकडचे पुष्कळ रोगी बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात जातात, हे आपण जाणता. त्या बार्शीत 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने ह्यांच्या त्या कामात कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, रोगी हुडकीत. त्यातून असे दिसले की, बाया गर्भाशयमुखाचा रोग घेऊन पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. पुढे उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. 2009 साली निष्कर्ष आला की, एचपीव्हीची एकच तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. त्यातल्या एका गटाला तपासणी दिली नव्हती, ह्यावर टीका झाली आणि ती मला पटते. पण तपासणी कोणी केली ते पाहा. गावात गेलेल्या परिचारिका-सुईणींनी. परक्या माणसापुढे जी तपासणी बाई करू देत नाही, ती तिने ह्यांच्यापुढे करू दिली. हा विश्वास दर सहा महिन्यांनी तोंड बदलत राहिले तर बसत नाही.

विश्वासाचे माणूस जवळ नसले की काय होते, तेही आपल्याच जिल्ह्याने पाहिले. 2019 साली नीलम गोऱ्हे ह्यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ऊसतोड करणाऱ्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कितीतरी जणींनी सांगितले की, कॅन्सर होईल अशी भीती घातली म्हणून पिशवी काढली. गावात वर्षानुवर्षे असलेली एखादी सिस्टर असती, तर निदान तिला विचारता आले असते, “ताई, हे खरं का?”

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर लहान रुग्णालये चालवणारे डॉक्टर माझ्यावर रागावतील. ते म्हणतात, आम्ही मुलीला आमच्या खर्चाने केमो द्यायला शिकवतो, आणि तिचा हात बसला की पुणे तिला नेते किंवा आखात नेते. हे खोटे नाही. दोघी गेल्या की उरलेल्या तिघींवर पाचांचे काम पडते, आणि मग त्याही करपतात. नुसती बंधने तोडून हे थांबणार नाही, हेही मी कबूल करते. शिवाय ज्या तालुक्यात रुग्णालय एकच, तिथल्या मुलीला जायची मोकळीक असून ती जाणार कुठे? पण त्या डॉक्टरांना माझे म्हणणे असे की, शिकवण्याचा खरा खर्च पावतीसह लिहा, आणि मुलगी जितके महिने काम करील तितका तो कमी होत जाईल असे ठरवा. प्रमाणपत्राची नक्कल ठेवा, मूळ तिच्या हाती द्या. आणि पगार पाहा. केंद्राच्या समितीने 2016 साली शिफारस केली होती की, 50 खाटांच्या आतल्या रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा 20,000 रुपयांहून कमी देऊ नये. शिफारस ती शिफारसच राहिली. बाँडमधल्या दंडाचा आकडा मात्र कोणी कमी लिहीत नाही.

जाता जाता एक कडू गोष्ट. आपल्यापैकी कित्येकजणी सासवा आहोत. रात्रपाळी नको, कॅन्सरच्या रोग्यांत नको, लग्न झाले आता नोकरीच नको, हा घरातला बाँड कोणत्याही कलमाने रद्द होत नाही, आणि त्याने वॉर्डातून काढलेल्या मुली माझ्या पाहण्यात काही कमी नाहीत.

मंडळाने दोन कामे हाती घ्यावी अशी माझी विनंती आहे. पहिले, बाहेरगावच्या परिचारिकांसाठी रुग्णालयाजवळ दोन खोल्या. रात्रपाळी संपवून सकाळी एस.टी.साठी दोन तास ताटकळणे बंद झाले तरी पुष्कळ. अध्यक्षीणबाईंनी ह्याबद्दल कार्यकारिणीत बोलण्याचे कबूल केले आहे. दुसरे माझ्याकडे लागले. आपल्या ओळखीची जी मुलगी नोकरीला लागत असेल, तिने सही करण्यापूर्वी तो कागद घेऊन यावे. मी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते पाच मंडळाच्या खोलीत असते. मूळ प्रमाणपत्रे बरोबर आणू नयेत, ती घरीच ठेवावी; झेरॉक्स पुरे.