माजघराची खिडकी

(कराड येथील उन्हाळी व्याख्यानमालेत एका निवृत्त स्थापत्य अभियंत्याने दिलेले व्याख्यान)



काल गडकोटांवरच्या व्याख्यानाला खुर्च्या कमी पडल्या म्हणे. आज मागच्या दोन रांगा रिकाम्या दिसतायत. पत्रिकेवर ‘विटांच्या घराला खोली वाढवताना खिडक्यांची मापे’ असं छापल्यावर दुसरं काय होणार? पण जे आलेत त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरामागे वाळूचा ढीग पडलेला असणार, हे मी पैजेवर सांगतो. (हशा)

विटांचं थोडक्यात उरकतो, कारण नदीकाठच्या भट्ट्या बघत मोठ्या झालेल्या लोकांना वीट काय शिकवायची? आपली वीट सांध्यासकट नऊ इंच धरली, तर चार विटांचे तीन फूट, पाच विटांचे पावणेचार, सहांचे साडेचार. मधलं माप मागितलंत की गवंडी वीट तोडणार, कडेला तुकडे बसवणार आणि गिलाव्याखाली ते झाकून टाकणार. तेव्हा रुंदी या तिन्हींतली घ्या. लिंटेल सात फुटांवर, दाराच्या रेषेत. छज्जा दोन फुटांचा, आणि पश्चिमेला असेल तर त्यात कंजुषी नको, जुलैतला पाऊस तिकडूनच मारतो. परवानगी घेतलेली आहे आणि सामासिक अंतर सोडलेलं आहे, असं मी गृहीत धरतो. (हशा) हसू नका, मी खरंच गृहीत धरतो.

आता मुद्द्यावर येतो. वाढीव खोलीची खिडकी वाढीव खोलीसाठी नसते. ती तिच्यामागे कोंडल्या गेलेल्या जुन्या खोलीसाठी असते. माझं एवढंच म्हणणं आहे, आणि घरोघरी जाऊन तेच सांगत असल्यामुळे पुष्कळ लोक मला चहाला बोलवत नाहीत.

घर कसं वाढतं ते आठवा. पुढे खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला मागच्या अंगाला खिडकी. मुलाचं लग्न ठरतं. स्वयंपाकघराच्या मागे दहा बाय बाराची खोली निघते. जुनी खिडकी आता बाहेर न उघडता नव्या खोलीत उघडते. मग कोणीतरी म्हणतं, ही कशाला ठेवायची? तिथे शोकेस होतं, त्यात मुलांचे कप आणि प्लास्टिकची फुलं बसतात. आणि मधल्या खोलीत भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लागते. आपल्या पणज्यांनी माजघरातल्या अंधारात बाळंतपणं काढली, कण्या निवडल्या. तो अंधार घालवायला आपण वाडे सोडून बंगले बांधले आणि मुलाच्या लग्नाच्या निमित्तानं माजघर परत बांधून मोकळे झालो.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत एक प्रमाण आहे. दारं सोडून खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या किती असावं? कोरड्या उष्ण हवेत एकदशांश, दमट उष्ण हवेत एकषष्ठांश, मधल्या हवेत एकअष्टमांश, थंड हवेत एकद्वादशांश. आपण मधलं धरू. दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट, त्याचे पंधरा. चार बाय चारची एक खिडकी झाली सोळा. इंजिनिअर खूश, मालक खूश. पण त्याच संहितेत पुढे लिहिलंय की खिडकीचा काही भाग बंदिस्त असेल तर उघडणारा भागच मोजायचा. मी तोच न्याय स्लायडिंगला लावतो. एक पल्ला दुसऱ्यामागे सरकतो, म्हणजे निम्मी खिडकी कायम बंदच. सोळाचे झाले आठ! फॅब्रिकेशनवाले कोणी बसले असतील तर राग मानू नका, तुमच्या कामात खोट नाही. माझं भांडण हवेच्या हिशोबाशी आहे. (हशा. मागून आवाज: “पण साहेब, डासांचं काय?”) जाळी पल्ल्याच्या खिडकीलाही बसते हो. आतून बसवा, पल्ले बाहेर उघडा.

आणि हे आठ कोणत्या खोलीचे? दोन्ही खोल्यांचे! मधली खोलीही दहा बाय बाराची असेल तर जमीन झाली २४०. तिचे एकअष्टमांश तीस. तीस हवेत आणि हातात आहेत आठ.

इथे मला एका गुरुजींची गोष्ट सांगावीशी वाटते. दोन मिनिटांत सांगतो. पुण्यात वाडे पडायला लागले, तसं जुनं सागवान बाजारात यायला लागलं. हे गुरुजी निवृत्त झाले आणि खोली काढायची म्हणून आधी जाऊन वाड्याच्या दोन खिडक्याच घेऊन आले. ना नकाशा, ना पाया. टेम्पो थेट माझ्या दारात. “साहेब, या खिडक्यांना शोभेल अशी खोली काढून द्या.” मी म्हटलं, गुरुजी, जगात आधी खोली असते. ते म्हणाले, “आधी बघा तर खरं.” बघितलं. तीन फूट रुंद, पाच फूट उंच. उभे लोखंडी गज, आणि प्रत्येक बाजूचा पल्ला मधोमध दुभंगलेला, खालची झडप वेगळी, वरची वेगळी. पितळी कड्या, आणि बिजागऱ्या अशा की तेल न घालता फिरत होत्या. लाकडाला एक गाठ नाही. आजच्या चौकटी वर्षभरात वाकतात, ह्या…

असो. अडचण गुरुजींच्या बायकोची, म्हणजे काकूंची होती. पाच फूट उंच खिडकी सात फुटांच्या लिंटेलखाली बसवली की सिल येते जमिनीपासून दोन फुटांवर. आपण सगळे तीनवर ठेवतो, का ते कोणी विचारत नाही. काकू म्हणाल्या, “दोन फुटांवर खिडकी? रस्त्यावरचा माणूस आमच्या ताटात बघेल.” मी म्हटलं, खालची झडप लावा, वरची उघडी ठेवा. त्या म्हणाल्या, “आणि चोर?” म्हटलं, गजांना विचारा. (हशा) शेवटी बसवल्या. एक मागच्या भिंतीला, एक बाजूच्या. त्यानंतर काकू दुपारी निवडणं-टिपणं घेऊन त्याच खिडकीपाशी जमिनीवर बसतात. बसल्या जागेवरून त्यांना परसातलं लिंबाचं झाड दिसतं आणि फाटकाशी कोण आलंय तेही दिसतं. तीन फुटांच्या सिलवाल्या खिडकीतून जमिनीवर बसलेल्या माणसाला फक्त आभाळ दिसतं. आभाळाकडे बघून गहू निवडणार का?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. दहा झाली की दहा राहिली, ते लिहिलेलं नाही. (हशा) राहिली असं समजतो.

तर तीस चौरस फूट आणायचे कुठून? लोक खिडकी आडवी वाढवतात. सहा फूट, सात फूट, पूर्ण भिंतभर. इथेच थांबा. कराडात बसून १९६७ च्या ११ डिसेंबरची, कोयनेच्या भूकंपाची पहाट मी सांगायला नको, सभेत ती बघितलेले लोक आहेत. विटांच्या भारवाहू भिंतीत दारं-खिडक्या मिळून लांबीच्या निम्म्याहून जास्त भोकं नकोत. वर मजला चढवायचा विचार असेल तर ४२ टक्के. खिडकी आतल्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब हवी. म्हणजे रुंदीला मर्यादा आहे. उंचीला तशी नाही. तेव्हा खिडकी उभी वाढवा. मागच्या बारा फुटी भिंतीत पावणेचार बाय पाच, बाजूच्या दहा फुटी भिंतीत तीन बाय पाच, मागचं दार तिसऱ्या भिंतीत. पल्ल्याच्या. बेरीज पावणेचौतीस, आणि रुंद्या दोन्ही अख्ख्या विटांच्या. खिडकीसमोर तीन फुटांवर शेजाऱ्याची भिंत असेल तर मात्र हा हिशोब कागदावरच राहील, ती खिडकी दुसऱ्या अंगाला न्या.

(श्रोत्यांतून: “उजेड मधल्या खोलीपर्यंत पोचतो का?”) पूर्ण पोचत नाही. कामचलाऊ नियम असा की उजेड खिडकीच्या वरच्या काठाच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट आत जातो. सात फुटांचा काठ म्हणजे चौदा, फार तर साडेसतरा फूट. मधली खोली सुरूच होते अकरा फुटांवर. म्हणून आणखी दोन कामं. जुनी खिडकी बुजवू नका; तावदानं काढा, चौकट तशीच ठेवा, पुढून आलेल्या वाऱ्याला मागे जायला वाट राहते. आणि नव्या खोलीचा स्लॅब जुन्यापेक्षा खाली घ्या. जुना साडेदहावर असेल तर नव्याचा माथा नऊवर संपवा, मधल्या पट्टीत जुन्या भिंतीला आडवा झरोका काढा. जोडाला सिमेंटचा गोलसर वाटा नीट करा, नाहीतर पहिल्या पावसात मला शिव्या द्याल. हे काम आधी इंजिनिअरला दाखवा, जुन्या भिंतीला गवंड्याच्या भरवशावर हात लावू नका.

यावर मला नेहमी उलट विचारतात, की पुढे नव्या खोलीवर मजला चढवला तर झरोकाही गेला. बरोबर आहे, गेला. म्हणून ठरवायचं ते आज ठरवा, धाकट्याच्या लग्नापर्यंत थांबू नका. (हशा)

अध्यक्ष आता उभेच राहिले. काचेच्या जाडीवर, ग्रीलवर, वाळवी लागलेल्या चौकटींवर बोलायचं होतं, ते बाहेर चहाच्या टेबलाशी विचारा. जाता जाता एवढंच मागतो. फॅब्रिकेटरला वा सुताराला माप द्याल ते भिंत उभी राहिल्यावर भोकाचंच द्या, नकाशावरचं नको. आणि नकाशा हातात आला की नवी खोली बघायच्या आधी मधल्या खोलीवर बोट ठेवा आणि विचारा, हिचा उजेड कुठून? उत्तर कागदावर मापासकट लिहिलेलं नसेल तर सही करू नका.