सॅटेलाइटवरून पाहिलेलं घर



मे महिन्यात मी पाच-सहा दिवस गायब होतो, एपिसोडही आला नाही, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं की कुठे आहेस बाबा. तर मी राजापूर तालुक्यात एका घराच्या छपराखाली होतो. थोडा वेळ छपरावर. आणि ते घर ज्या मैत्रिणीचं, तिला मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

तिचं नाव सांगत नाही. तिने सांगितलंय, 'गोष्ट सांग, नाव घातलंस तर ब्लॉक करीन.'

ओळख कशी झाली ते आधी सांगतो. २०२१ सालचा लॉकडाऊन, वर्क फ्रॉम होम. मला ओपनस्ट्रीटमॅपचा नाद लागला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा विकिपीडियासारखा नकाशा आहे. २००४ साली सुरू झाला, कुणीही त्यात भर घालू शकतं. सॅटेलाइटचा फोटो समोर ठेवायचा आणि त्यावर रस्ते, घरं, ओढे गिरवत बसायचं. मी ठाण्यात बसून कोकणातली गावं गिरवत होतो. एकदा एका गावाचं काम करून झोपलो, सकाळी मेसेज. 'तुम्ही काढलेला रस्ता हा रस्ता नाही, पाखाडी आहे. पायऱ्या आहेत. तिथून गाडी पाठवलीत तर माणूस मरेल. आणि ती नदी नाही, पऱ्या आहे. जानेवारीत कोरडा असतो.'

म्हटलं, ही कोण?

तिथून चार वर्षं गप्पा. आधी नकाशाबद्दल, मग सगळ्याबद्दल. माझे बाबा गेले तेव्हा मी रात्री दोन वाजता कुणाशी बोलायचो, तर हिच्याशी. व्हिडिओ कॉल कधीच नाही. फोटो पाठवायची तोही घराचाच. पुण्यातली नोकरी सोडून ती गावचं जुनं घर दुरुस्त करत होती. आज भिंत, उद्या दरवाजा, परवा विहिरीतला गाळ. मी हार्ट टाकायचो.

तुतारी एक्सप्रेसने सकाळी राजापूर रोडला उतरलो. हे स्टेशन नावाला राजापूर, शहर तिथून बरंच लांब, हे आधी माहीत करून घ्या. बाहेर स्कूटरवर एक बाई. केस अर्धे पांढरे, साधारण पंचेचाळीस-सेहेचाळीस वय. मी त्यांच्या मागे बघतोय, माझी मैत्रीण कुठे दिसते का. आणि त्या म्हणाल्या, 'काय रे, पाखाडी?' चॅटवर ती मला याच नावाने चिडवायची.

मी तिला माझ्याच वयाची समजत होतो. का? मीम पाठवायची म्हणून. दुसरं काही कारण नाही. तोंडातून आपोआप निघालं, 'तुम्ही... तुम्ही कशा आहात?' ती म्हणाली, 'चार वर्षं अगं-तूगं केलंस, आता अहो-जाहो केलंस तर इथेच सोडून जाईन.' बसलो मागे. पण पुढचा अर्धा तास मी प्रत्येक वाक्य असं बोललो की त्यात तू पण येणार नाही आणि तुम्ही पण येणार नाही. करून बघा, फार अवघड असतं.

आता घर. मी ते नकाशावर स्वतः काढलं होतं. एक तपकिरी चौकोन, चार क्लिक. प्रत्यक्षात पुढे सारवलेलं खळं, मग ओटी, आत माजघर, देवघर, मागे पडवी आणि थोडं बाजूला न्हाणीघर. भिंती जांभ्याच्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, तासता येतो, आणि हवा लागली की कडक होत जातो. तिच्या घरात चिऱ्यांमधला सांधा मातीचा आहे. नव्वदच्या दशकात तिच्या काकांनी त्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर मारलं. दिसायला पक्कं, पण मातीच्या सांध्यातली ओल बाहेर पडायला वाटच राहिली नाही. भिंत आतल्या आत भुसभुशीत होत गेली आणि ओल लाकडापर्यंत पोचली, तिथे वाळवी. तिने पूर्ण एक हिवाळा ते सिमेंट छिन्नीने काढण्यात घालवला आणि मग चुन्याचा गिलावा केला, कारण चुना ओल आत कोंडून ठेवत नाही. मी कोडर माणूस, मला हे लगेच कळलं. जुन्या सिस्टिमवर कुणीतरी चकचकीत पॅच मारलेला असतो आणि आत सगळं सडत असतं. तिला सांगितलं तर म्हणाली, 'तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्ट कॉम्प्युटरच का वाटते?'

वर मंगलोरी कौलं. १८६० च्या दशकात बासेल मिशनने मंगळुरात कौलांचे कारखाने सुरू केले, तिथून हे नाव आलं. कौल रिपेला अडकवलेलं असतं, खिळा नाही, काही नाही. म्हणजे वानरं छपरावर नाचली की कौलं सरकणार, फुटणार. म्हणून पावसाआधी कौलं परतायची. सगळी उतरवायची, शेवाळ खरवडायचं, फुटकी बदलायची, पुन्हा लावायची. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक कौल सरकलं तरी खाली बादली ठेवावी लागते. पण मे महिन्यात हे काम करणारे गडी सगळ्या गावालाच हवे असतात. तिला दोन मिळाले होते, तेही अर्धा दिवस. उरलेला अर्धा दिवस मी कौलं खाली घ्यायला. तीन फोडली. पैसे देतो म्हटलं तर बघितलं फक्त माझ्याकडे.

दुसऱ्या रात्री जेवताना मी सहज विचारलं, एकूण खर्च किती आला गं? (तोवर मी 'गं' वर आलो होतो.) तिने आकडा सांगितला. माझ्या दोन वर्षांच्या पगाराहून जास्त. मग म्हणाली, 'आणि कागदावर घर माझं नाही.'

घर आजोबांचं. त्यांना तीन मुलगे, तिचे वडील मधले. वाटप कधी झालंच नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून आजोबांचं नाव, घरपट्टी ही भरते. शेजारीच राहणारा थोरल्या काकांचा मुलगा म्हणतो, तू मुलगी, पुण्याला होतीस, तुझा काय संबंध. मी लगेच खळ्याच्या कोपऱ्यात गेलो, तिथे एक काडी नेटवर्क येतं, आणि शोधून आलो. २००५ च्या कायद्यातल्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असोत-नसोत, हक्क आहेच. मोबाईल तिच्यासमोर धरला.

'माहितीये रे मला,' ती म्हणाली. 'कोर्टात गेले तर घराला कुलूप लागेल. आणि बंद घर इथे चार पावसाळेसुद्धा टिकत नाही.'

मग मला आठवलं. २०२२ मध्ये तिने विचारलं होतं, नोकरी सोडून गावी जाऊ का, घराला हात घालू का? मी उत्तर दिलं होतं, 'कर बिनधास्त! एकदाच जगतो आपण.' रॉकेटचा इमोजी. बहुतेक मीटिंगमध्ये होतो तेव्हा, चार सेकंद लागले असतील टाईप करायला. मी म्हटलं, सॉरी, मी काहीही न विचारता तुला ढकललं यात.

ती हसायला लागली. 'माझे पैसे मी तुझ्या रॉकेटवर घातले असं वाटतं तुला? मी आधीच ठरवलं होतं.' मग थोडा वेळ ताटात बघत म्हणाली, 'पण तेव्हा मला सल्ला नको होता. मला वाटलं होतं तू विचारशील, घरात कोण कोण आहे, ते काय म्हणतात. नाही विचारलंस. नंतर पण नाही. तुझ्या बाबांबद्दल आपण वर्षभर बोललो. माझे वडील कधी गेले, माहितीये तुला?'

मला माहीत नव्हतं. चार वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. घराचा अक्षांश-रेखांश मला पाठ होता.

(इथे मी रेकॉर्ड करताना थांबलो होतो, एडिटमध्ये कापलंय.)

खरं तर मी दोन दिवसांनी निघणार होतो. पण तुम्हाला आठवत असेल, २०२५ चा मे. मान्सून मुंबईत २६ तारखेलाच पोचला आणि त्याच्या आधीच कोकणात धो-धो सुरू झालं होतं. मंगळवारी दुपारी माजघरावरचं छप्पर अर्धं उघडं, गडी दुसऱ्याच्या घरी, आणि समुद्राकडून आभाळ काळं. ती शिडीवर, मी खालून कौलं देतोय. हात कापत होते माझे, खोटं कशाला बोलू. चुन्याच्या भिंती वरून भिजल्या असत्या तर सगळा खर्च पाण्यात.

तेवढ्यात शेजारून तो चुलतभाऊ आला. बरोबर त्याचा मुलगा, खांद्यावर निळी ताडपत्री. एक शब्द बोलला नाही. छपरावर चढला, पाय वाशांवर कुठे ठेवायचे ते त्याला न बघता माहीत होतं. वीस मिनिटांत ताडपत्री बांधून झाली, दोरीची टोकं जांभ्याच्या चिऱ्यांना. पाऊस आला तेव्हा आम्ही चौघं ओटीवर. तिने चहा केला. त्याने घेतला. मी मूर्खासारखं म्हटलं, 'दादा, थँक्यू हां, हिच्यासाठी आलात.'

तो म्हणाला, 'हिच्यासाठी नाय. घर माझा पन हाय.'

ती काहीच बोलली नाही. तिने त्याच्या मुलाच्या बशीत आणखी एक खारी ठेवली.

वाटप अजून झालेलं नाही. कौलं शेवटी जूनमध्ये उघडीप मिळाली त्या दोन दिवसांत लागली, त्याच चुलतभावाने गडी मिळवून दिले, आणि त्याच आठवड्यात त्याने ग्रामपंचायतीत हरकतीचा अर्जही दिला. दोन्ही खरं आहे.

मी घरी आल्यावर नकाशावरचं घर दुरुस्त केलं. न्हाणीघर वेगळं दाखवलं, विहीर टाकली. आणि तिला मेसेज केला, 'तुझ्या वडिलांबद्दल सांग ना.' दोन दिवस निळ्या टिका, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी अकरा मिनिटांची व्हॉइस नोट आली. ती काय होती ते इथे सांगणार नाही, ते तिचं आहे.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.