जात्यावरची ओवी आणि आपल्या मुली



संमेलनात आपल्या मुलींनी जात्यावरच्या ओव्या म्हणाव्यात का, असे तुम्ही विचारता. ओवीत राम-सीता, विठोबा येतात, हा एक आक्षेप. त्यावर फार बोलत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' ओवीतच रचला.

दुसरा आक्षेप मात्र मला जड वाटतो. मुलगाच हवा, लेक परक्याचे धन, हे मुलींच्या तोंडून का वदवावे? आपण तर त्यांना शिकवायला निघालो आहोत! पण हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या 1 लाखाहून अधिक ओव्यांतल्या थोड्या तरी चाळून पाहा. त्याच दळणात सासुरवास आहे, बाईचा जन्मच नको असा त्रागाही आहे. पहाटे जात्याच्या घरघरीत ती जे बोलली, ते दिवसा ओसरीवर तिला बोलता येत नव्हते. शब्द बदलून 'सुधारलेली' ओवी म्हणाल, तर तिची तक्रारही पुसली जाईल.

तेव्हा मुलींनो, ओवी आहे तशीच म्हणा. मात्र आधी नानी-दादीला विचारून या, दळताना त्या काय म्हणत. त्यांची ओवी कदाचित कुणीच लिहून घेतलेली नसेल.